हृदयातली विद्युत लाट संगणकावर: एका पेशीपासून पेसिंगपर्यंत

पडद्यावर रंगीत लाट सरकू लागली की मॉडेल जमलं असं वाटतं. पण चुकीच्या जाळीवर, चुकीच्या कडांवर आणि दहा टक्के चुकलेल्या पल्सवरही लाट तितकीच देखणी सरकते. इथे हृदयातल्या विद्युत लाटेचं मॉडेल एका पेशीपासून पेसिंगपर्यंत (बाहेरून पल्स देऊन हृदय चालवण्यापर्यंत) उभं करायचं आहे, म्हणून जवळजवळ प्रत्येक पायरीला कागदावर काढता येणारा एक आकडा दिला आहे. तो जुळल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावू नका.

साहित्य फार लागत नाही. साधा लॅपटॉप, पायथन, नमपाय आणि मॅटप्लॉटलिब पुरेत. नोड्सवर (जाळीच्या बिंदूंवर) लूप चालवायची सवय असेल तर नंबाही घ्या, नाहीतर दोन मिनिटांच्या कामाला दुपार जाईल. वेळ सगळीकडे मिलिसेकंदात (मिसे) आणि लांबी मिलिमीटरमध्ये (मिमी) ठेवा. गतीचं एकक मग मिमी प्रति मिसे होतं, आणि तेच मीटर प्रति सेकंद असतं. एककांच्या निम्म्या चुका इथेच टळतात.

कोणतं मॉडेल घ्यायचं

१९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्स्ली यांनी स्क्विडच्या चेतातंतूसाठी समीकरणं मांडली. १९६२ मध्ये डेनिस नोबल यांनी ती पर्किंजे तंतूंसाठी (हृदयात विद्युत संदेश वाहून नेणाऱ्या तंतूंसाठी) बदलून घेतली. आज मानवी व्हेंट्रिकलसाठी (हृदयाच्या खालच्या कप्प्यासाठी) टेन टुशर-पॅनफिलोव्ह (२००६) आणि ओ'हारा-रूडी (२०११) ही मॉडेल्स सर्रास वापरतात. त्यांत सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे प्रवाह वेगवेगळे असतात. औषधाचा परिणाम पाहायचा असेल तर त्यांना पर्याय नाही. पेसिंग शिकायला मात्र ती वाईट जागा आहे, कारण काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते कळत नाही.

सुरुवात मिचेल-शेफर मॉडेलने (२००३) करा. त्यात दोनच चल आहेत. द हा विद्युतदाब, विश्रांतीत ० आणि पूर्ण उत्तेजनेत १ च्या जवळ. ग हे गेट, म्हणजे आत येणाऱ्या प्रवाहाचं दार, पूर्ण उघडं असताना १.

द चा दर = ग × द² × (१ − द) ÷ ०.३ − द ÷ ६ + उद्दीपन

ग चा दर = (१ − ग) ÷ १२०, जेव्हा द ०.१३ पेक्षा कमी

ग चा दर = − ग ÷ १५०, जेव्हा द ०.१३ किंवा जास्त

पहिल्या ओळीतलं पहिलं पद म्हणजे पेशीच्या आत येणारा प्रवाह आणि दुसरं म्हणजे बाहेर जाणारा. ०.३, ६, १२० आणि १५० हे चार काळ मिसेंत आहेत, आणि ०.१३ हा गेट पलटायचा उंबरठा. मिलिव्होल्ट हवे असतील तर १०० × द − ८० करा. ते फक्त आलेखासाठी. हिशेब द मध्येच ठेवा.

एक पेशी

वेळेची पायरी ०.०१ मिसे घ्या. द साठी साधी ऑयलर पद्धत (नवा द = जुना द + दर × पायरी) चालते. ग साठी घातांकी सूत्र वापरा: द उंबरठ्याखाली असेल तर नवा ग = १ − (१ − ग) × घातांक(−०.०१ ÷ १२०), वर असेल तर नवा ग = ग × घातांक(−०.०१ ÷ १५०). दोन्ही घातांक आधीच काढून ठेवा. लूपमध्ये पुन्हा पुन्हा काढण्यात वेळ जातो.

द = ०, ग = १ पासून सुरू करा. २ मिसेसाठी ०.३ प्रति मिसे उद्दीपन द्या. द झपकन वर जाईल, पठारावर राहील आणि मग खाली येईल. द ०.१३ च्या वर राहिला तो काळ म्हणजे ॲक्शन पोटेन्शियलची लांबी, एपीडी.

इथे पहिली कसोटी. बऱ्याच ठिकाणी एपीडीसाठी सोपं सूत्र दिलेलं असतं: ग ०.२ वर आला की पठार कोसळतं, म्हणून एपीडी = १५० × लॉग(१ ÷ ०.२) = २४१ मिसे. (लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग.) तुमचा आकडा मात्र २८५ च्या आसपास येईल, आणि तो बरोबर आहे. ग ०.२ वर येतो तेव्हा पठार टिकण्याची शक्यता संपते, पण द लगेच पडत नाही. तिथे दोन्ही प्रवाह जवळजवळ समसमान असतात, त्यामुळे द रेंगाळत उतरतो आणि ०.१३ खाली जाईपर्यंत आणखी चाळीसेक मिसे जातात. तोवर ग ०.१५ पर्यंत घसरलेला असतो. १५० × लॉग(१ ÷ ०.१५) काढा, २८५ येतात.

यातून अचूक कसोटी मिळते. द उंबरठ्याच्या वर असताना ग फक्त घातांकी घटतो. म्हणून मोजलेली एपीडी नेहमी १५० × लॉग(सुरुवातीचा ग ÷ शेवटचा ग) इतकीच यायला हवी, फरक फार तर एका-दोन वेळ-पायऱ्यांचा. फरक ५ मिसे असेल तर उंबरठा ओलांडल्याची नोंद किंवा गेटची अट चुकली आहे. कित्येकदा गेटची अट नव्या द वर तपासलेली असते आणि द चं समीकरण जुन्या ग वर. तो क्रम एकदा ठरवून तसाच ठेवा.

ठोके जवळ आणल्यावर

आता हीच पेशी ठराविक अंतराने उद्दीपित करा. एक एपीडी संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतच्या काळाला विसावा म्हणू. विसाव्यात ग पुन्हा उघडतो, म्हणून पुढच्या ठोक्याचा सुरुवातीचा ग = १ − ०.८५ × घातांक(−विसावा ÷ १२०). विसावा कमी, तर पुढची एपीडी कमी. हाच रेस्टिट्यूशनचा वक्र.

ठोक्यांतलं अंतर ६०० मिसे ठेवलं तर एपीडी सुमारे २७६ आणि विसावा ३२४ यायला हवा. ३०० ला एपीडी सुमारे २०८, विसावा ९२. प्रत्येक अंतराला निदान ३० ठोके द्या आणि शेवटचे दोन मोजा. एकच मोजलात तर आल्टरनन्स दिसणार नाही.

आल्टरनन्स म्हणजे एक ठोका लांब, एक आखूड, असं आलटून पालटून चालणं. वक्राचा चढ १ पेक्षा जास्त झाला की ते सुरू होतं. या मॉडेलमध्ये चढ = १५० × (१ − ग) ÷ (१२० × ग), म्हणून ग = ०.५५६ ला चढ बरोबर १ होतो. त्यातून विसावा ७८, एपीडी १९६ आणि अंतर २७४ मिसे निघतं. ०.१५ ऐवजी पुस्तकी ०.२ धरलात तर हाच आकडा २२४ येतो, आणि मग मॉडेल बरोबर असूनही "आल्टरनन्स फार लवकर आलं" म्हणून तुम्ही चूक शोधत बसाल. अंतर ३२० पासून ५-५ मिसेंनी कमी करत न्या. २७५ च्या आसपास फाटा फुटला पाहिजे.

या मॉडेलला जुन्या ठोक्यांची आठवण राहत नाही, म्हणून ३० ठोके पुरतात. आयनिक मॉडेलवर (टेन टुशर-पॅनफिलोव्हसारख्या, वेगवेगळे प्रवाह असलेल्या) जाल तेव्हा हा आकडा शेकड्यांत जातो, कारण पेशीतलं सोडियम आणि पोटॅशियम हळूहळू सरकत असतं. तिथे आणखी एक खोच आहे. उद्दीपनाचा प्रवाह कोणत्या आयनचा हे सांगितलं नाही तर विद्युतभाराचा हिशेब जुळत नाही आणि हजार ठोक्यांनंतरही मॉडेल स्थिर होत नाही. उद्दीपन पोटॅशियमच्या खात्यावर टाकायची पद्धत आहे.

पेशींची माळ

६० मिमी लांबीची केबल घ्या, दर ०.१ मिमीला एक नोड, म्हणजे ६०० नोड्स. द च्या समीकरणात विसरणाचं एक पद वाढतं:

०.२ × (डावा द − २ × स्वतःचा द + उजवा द) ÷ (०.१ × ०.१)

०.२ हा विसरणांक, मिमी वर्ग प्रति मिसे. डाव्या टोकाच्या १५ नोड्सना, म्हणजे १.५ मिमीला, २ मिसेसाठी ०.३ प्रति मिसे उद्दीपन द्या.

स्थिरतेसाठी वेळ-पायरी (०.१ × ०.१) ÷ (२ × ०.२) = ०.०२५ मिसेपेक्षा लहान हवी. ०.०१ सुरक्षित आहे. द्विमितीत हीच मर्यादा निम्मी होते, ०.०१२५. पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे ठिपके दिसले आणि मग आकडे अनंताला गेले, तर ही मर्यादा ओलांडली आहे. दुसरं काही शोधू नका.

गतीची कसोटी: वेग = √(ग × ०.२ ÷ ०.६) × (३ × स − १) ÷ २, आणि स = √(१ − ०.२ ÷ ग). पूर्ण विसावलेल्या ऊतीत ग = १, त्यामुळे स = ०.८९४ आणि वेग ०.४८६ मीटर प्रति सेकंद. मानवी व्हेंट्रिकलमध्ये तंतूंच्या दिशेने लाट साधारण याच सुमाराच्या वेगाने जाते, म्हणूनच विसरणांक ०.२ निवडला. वेग मोजताना दोन्ही टोकांपासून दूर, २० आणि ४० मिमीवर, द ०.५ ओलांडतो त्या क्षणांतला फरक घ्या. टोकाजवळ लाट उद्दीपनामुळे किंवा कडेमुळे वेगळी धावते.

उत्तर ०.४८ ते ०.४९ च्या बाहेर असेल तर बहुधा यांपैकी एक झालं आहे. शेजाऱ्यांचा फरक काढताना त्याच ॲरेत नवे आकडे लिहिले जात आहेत. मग डावीकडचा शेजारी नवा आणि उजवीकडचा जुना असतो, आणि लाट एका दिशेला किंचित जास्त वेगाने जाते. केबलच्या मधोमध उद्दीपन देऊन दोन्ही बाजूंच्या वेळा ताडून पाहा, लगेच पकडता येतं. किंवा जाळी जाड आहे. या मॉडेलमध्ये लाटेची समोरची कड साधारण १.६ मिमी रुंद आहे. ०.१ मिमीच्या जाळीत तिला १६ नोड्स मिळतात. ०.५ मिमीची जाळी घेतलीत तर जेमतेम तीन मिळतात, वेग पडतो, आणि जाळी आणखी जाड केली तर लाट मरतेच. हा लाटेचा मृत्यू खऱ्या ब्लॉकसारखाच, म्हणजे ऊतीने लाट अडवल्यासारखाच, दिसतो, म्हणून धोक्याचा. ब्लॉक दिसला की आधी जाळी निम्मी करा. तरी राहिला तरच त्यावर विश्वास ठेवा.

कडा सांभाळा. केबलच्या टोकातून प्रवाह बाहेर जात नाही, म्हणून टोकाच्या नोडच्या बाहेरचा काल्पनिक शेजारी आतल्या शेजाऱ्याइतकाच धरा. तिथे शून्य ठेवलं तर टोक सतत प्रवाह गिळत राहतं आणि तिथून पेसिंग केल्यास लाट पेटवायला लागणारी ताकद उगाच वर जाते. नमपायचं रोल फंक्शन वापरलंत तर दोन्ही टोकं आपोआप जोडली जातात आणि डावीकडे उद्दीपन देताच उजवीकडूनही लाट निघते. हे फंक्शन पुढे कड्यासाठी (टोकं जोडलेल्या केबलसाठी) लागेल. केबलसाठी नको.

जाळीच्या प्रश्नाला सगळ्या क्षेत्राने मिळून एकदा सामोरं जाऊन पाहिलं आहे. २०११ मध्ये अकरा वेगवेगळ्या प्रोग्रॅम्सनी एकच प्रश्न सोडवला: २० × ७ × ३ मिमीचा ऊतीचा ठोकळा, एका कोपऱ्यात १.५ मिमीचा उद्दीपित घन, जाळ्या ०.५, ०.२ आणि ०.१ मिमी, वेळ-पायऱ्या ०.०५, ०.०१ आणि ०.००५ मिसे. ०.५ मिमीला उत्तरं एकमेकांपासून खूप दूर होती, ०.१ ला जवळ आली. त्रिमितीत गेलात की पहिलं काम म्हणून हाच ठोकळा सोडवा.

कॅप्चर आणि उंबरठा

पेसमेकरच्या पल्सने ऊती खरोखर पेटली का, याला कॅप्चर म्हणतात. मॉडेलमध्ये ते उद्दीपनाच्या जागी कधीही पाहू नका. तिथे द तुम्हीच वर ढकललेला असतो. २० मिमी दूर द ०.५ ओलांडतो का ते पाहा.

उंबरठा, इथे कॅप्चरला लागणारी किमान ताकद, शोधायला दुभाजन वापरा. कॅप्चर होणारी एक आणि न होणारी एक ताकद घ्या, मधली तपासा, फरक १ टक्क्याखाली येईपर्यंत. प्रत्येक वेळी द = ०, ग = १ वरून नव्याने सुरुवात करा. मागच्या चाचणीची अर्धवट उत्तेजना शिल्लक राहिली तर उंबरठा खोटा निघतो.

पल्सची रुंदी ०.१, ०.२, ०.४, ०.८ आणि १.५ मिसे घ्या. ०.१ मिसेच्या पल्समध्ये फक्त १० वेळ-पायऱ्या बसतात. "वेळ ०.१ पेक्षा कमी असेल तर" अशी अट दशांशात लिहिलीत तर पूर्णांकनामुळे कधी १० तर कधी ११ पायऱ्या उद्दीपन मिळतं, आणि उंबरठ्यात दहा टक्क्यांची चूक शिरते. पायऱ्या पूर्णांकात मोजा. वेळ हा शेवटी, आलेखासाठी काढायचा आकडा आहे.

आता प्रत्येक रुंदीला ताकद × रुंदी, म्हणजे एकूण भार, काढा आणि तो रुंदीसमोर मांडा. वाइसच्या नियमाप्रमाणे (१९०१) जवळजवळ सरळ रेषा मिळते. तिचा चढ म्हणजे रिओबेस, पल्स कितीही रुंद केली तरी लागणारी किमान ताकद. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते त्या आकड्याला रिओबेसने भागलं की क्रोनॅक्सी, म्हणजे रिओबेसच्या दुप्पट ताकद लागते ती रुंदी. क्रोनॅक्सीइतकी रुंदी ठेवली तर पल्सला सगळ्यात कमी ऊर्जा लागते, बॅटरीच्या दृष्टीने महत्त्वाचं.

दवाखान्यात नेहमीची रुंदी ०.४ मिसे असते. २.५ व्होल्ट, ०.४ मिसे आणि ५०० ओहम धरले तर लीडमधून (पेसमेकरच्या हृदयापर्यंत जाणाऱ्या तारेतून) ५ मिलिॲम्पिअर प्रवाह जातो आणि एका पल्सला व्होल्ट² × वेळ ÷ ओहम = ५ मायक्रोज्यूल खर्च होतात. व्होल्टेज दुप्पट केलं की खर्च चौपट. म्हणून उंबरठ्याच्या दुपटीवर आउटपुट ठेवायची रीत आहे खरी, पण त्याच्या वर जायला डॉक्टर कचरतात.

तुमच्या मॉडेलची क्रोनॅक्सी यापेक्षा मोठी येईल. एकट्या पेशीचा गळतीचा काळ ६ मिसे आहे. त्यावरून ढोबळ क्रोनॅक्सी ६ × लॉग(२), म्हणजे ४ मिसेच्या वर जाते. खऱ्या लीडची मिलिसेकंदाच्या काही दशांशांत असते. केबलमध्ये छोट्या भागाला उद्दीपन दिलं की प्रवाह शेजारी पळतो, त्यामुळे क्रोनॅक्सी घटते. उद्दीपित लांबी ३ मिमीवरून १.५ आणि मग ०.५ वर आणून तिन्ही रेषा एकाच आलेखावर काढा. लांबी कमी केली की प्रति नोड लागणारी ताकद झपाट्याने वाढते, कारण लाट पेटायला किमान लांबीची ऊती एकाच वेळी उत्तेजित व्हावी लागते. एकाच नोडला उद्दीपन देऊन "मॉडेल कॅप्चर करत नाही" म्हणणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा हीच असते.

खऱ्या इलेक्ट्रोडशी आकड्याला आकडा जुळवायचा असेल तर मात्र हे मोनोडोमेन मॉडेल (पेशीबाहेरचा दाब वेगळा न मोजणारं) अपुरं आहे. पेसमेकर पेशीच्या आत प्रवाह सोडत नाही, बाहेरच्या द्रवात सोडतो. कॅथोडच्या आजूबाजूला तंतूंच्या दिशेने दाब उलटा पडणारे प्रदेश तयार होतात, व्हर्च्युअल इलेक्ट्रोड. ते दिसायला आत आणि बाहेर वेगवेगळी वाहकता असलेलं बायडोमेन लागतं, आणि प्रत्येक वेळ-पायरीला एक मोठी समीकरण-प्रणाली सोडवावी लागते. लाट कशी पसरते यासाठी मोनोडोमेन, इलेक्ट्रोडच्या टोकाशी काय होतं यासाठी बायडोमेन, अशी वाटणी ठेवा.

कडं, टॅकिकार्डिया आणि एटीपी

शॉक न देता वेगवान पल्स देऊन व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (व्हेंट्रिकलची अति वेगवान धडधड) थांबवणं म्हणजे अँटिटॅकिकार्डिया पेसिंग, एटीपी. आयसीडीतला (गरज पडल्यास शॉक देणाऱ्या, शरीरात बसवलेल्या उपकरणातला) एक नेहमीचा कार्यक्रम असा: ८ पल्स, टॅकिकार्डियाच्या अंतराच्या ८८ टक्क्यांवर. आपण तोच बनवू.

अशा टॅकिकार्डियात लाट बऱ्याचदा एकाच वाटेवर गोल फिरत राहते, म्हणून १२० मिमीचं कडं घ्या, १२०० नोड्स, टोकं जोडलेली. लाट फिरत राहिली तर एका फेरीचा काळ किती असेल? वेगाचं सूत्र आणि रेस्टिट्यूशन एकत्र सोडवा: विसावा ११३, एपीडी २२४, फेरी ३३७ मिसे, वेग ०.३५६. म्हणजे मिनिटाला सुमारे १७८ ठोके. कडं ८३ मिमीच्या खाली नेलंत तर विसावा ७८ च्या खाली जातो, चढ १ ओलांडतो आणि फेऱ्या डोलायला लागतात. तो वेगळा प्रयोग आहे, जरूर करा, पण नंतर.

लाट सुरू करणं हीच खरी अडचण. एका जागी उद्दीपन दिलं तर दोन लाटा निघतात आणि समोर भिडून मरतात. एका बाजूला तात्पुरता बांध घातला तरी जमत नाही. विसावलेल्या कड्यात लाट ०.४८६ ने धावते, २४७ मिसेत परत येते, आणि तिची स्वतःचीच शेपटी २८५ मिसेपर्यंत बंद असते.

त्याऐवजी फिरती लाट सरळ रंगवून टाका. नोड क्रमांक न असेल तर तो (१२०० − न) × ०.१ ÷ ०.३५६ मिसेपूर्वी पेटला असं धरा. हा काळ २२४ पेक्षा कमी असेल तर द = ०.८ आणि ग = ०.६६९ × घातांक(−काळ ÷ १५०). जास्त असेल तर द = ० आणि ग = १ − ०.८५ × घातांक(−(काळ − २२४) ÷ १२०). लाट वाढत्या क्रमांकांकडे जाईल. पहिल्या काही फेऱ्या वेड्यावाकड्या असतात. पंधरा फेऱ्या जाऊ द्या आणि मग फेरीचा काळ मोजा. ३३७ च्या दोन-तीन टक्क्यांत असला म्हणजे झालं. इथे शंभर टक्के जुळणी मागू नका, कारण वेगाचं सूत्र लाटेच्या कडेत ग बदलत नाही असं धरतं.

आता एटीपी. नोड ६०० ते ६१५ वर लीड आहे असं समजा. तिथून लाट गेल्यावर २९६ मिसेंनी (३३७ चे ८८ टक्के) पहिली पल्स, मग दर २९६ ला एक, अशा आठ. शेवटच्या पल्सनंतर ६०० मिसे थांबा आणि कुठे द ०.१३ च्या वर आहे का पाहा.

टॅकिकार्डिया तशीच चालू असेल. प्रोग्रॅम चुकलेला नाही. प्रत्येक पल्स दोन लाटा सोडते. उलट्या दिशेची लाट येणाऱ्या टॅकिकार्डियाला भिडून दोघी मरतात, पण सुलट्या दिशेची पुढे निघून फेरी चालू ठेवते. एकसारख्या ऊतीत तिला अडवणारं काही नसतं, म्हणून पेसिंग टॅकिकार्डियाला फक्त आपल्या तालावर घेतं आणि थांबलं की सोडून देतं. लाट थांबवायला सुलटी लाट शेपटीला धडकून अडली पाहिजे.

त्यासाठी कड्यात एक आजारी पट्टा घाला. नोड ८०० ते ११०० मध्ये, म्हणजे ३० मिमीत, गेट मिटण्याचा काळ १५० ऐवजी १८० करा. पट्ट्यातली एपीडी वाढते. टॅकिकार्डियाच्या चालीला तिथे विसावा ९२ च्या आसपास राहतो आणि चढ १ च्या किंचित खाली, म्हणून टॅकिकार्डिया स्थिर असते. पट्ट्यावर २९६ चा ताल पोचला की विसावा ७२ वर येतो आणि चढ १.३ होतो. आता प्रत्येक ठोक्याला लांब-आखूड फरक वाढत जातो आणि एखाद्या ठोक्याला विसावा ११ मिसेच्या खाली गेला की ग ०.२२५ पर्यंतही उघडलेला नसतो. तिथे लाट पुढे जाऊ शकत नाही. सुलटी लाट पट्ट्यात मेली आणि तिच्या जोडीची उलटी आधीच भिडून संपली, तर कडं शांत. पट्टा २० मिमीपेक्षा अरुंद ठेवू नका. शेजारची निरोगी ऊती विसरणामुळे त्याची एपीडी ओढून खाली आणते आणि परिणाम पुसला जातो.

एकाच चाचणीवर निष्कर्ष काढू नका. अंतर ९२ पासून ७६ टक्क्यांपर्यंत आणि पल्स ४ पासून १२ पर्यंत बदलत तक्ता भरा. लीडची जागाही बदला, कारण लीड आणि पट्टा यांमधल्या ऊतीत लाट मंदावते आणि पट्ट्याजवळ पोचेपर्यंत ताल थोडा सैल होतो. तक्त्यात एक गोष्ट नीट नोंदवा: टॅकिकार्डिया किती पल्सना थांबली. पाचव्या पल्सला थांबली आणि सातव्या पल्सने पट्ट्यात एकतर्फी ब्लॉक होऊन पुन्हा सुरू झाली, असं होऊ शकतं. शेवटचीच अवस्था पाहिली तर तुम्ही त्याला "अपयश" लिहाल, आणि पुढच्या वेळी नेमक्या उलट दिशेने पल्स वाढवाल.

लीड प्रत्यक्षात कड्यावर क्वचितच असतं. ते बहुधा उजव्या व्हेंट्रिकलच्या टोकाशी असतं आणि मेलेल्या ऊतीच्या चट्ट्याभोवतीचं कडं डावीकडे कुठेतरी. म्हणून कड्याला ४० मिमीची फांदी जोडा आणि तिच्या टोकाला लीड ठेवा. ०.३६ च्या वेगाने जायला सुमारे १११ मिसे लागतात, तितकेच यायला. पल्स कड्यापर्यंत पोचायची तर तिने फांदीत समोरून येणारी टॅकिकार्डियाची लाट मागे रेटत न्यावी लागते, आणि प्रत्येक पल्स ती फक्त ३३७ − २९६ = ४१ मिसेंनीच रेटते. २२२ ÷ ४१ = ५.४. म्हणजे पहिल्या पाच पल्स फांदीतच खर्ची पडतात आणि सहावी कड्यात शिरते. आठपैकी कामाच्या तीनच. चारच पल्स देणारा कार्यक्रम दूरच्या कड्यावर का हरतो, ते इतक्या हिशेबात दिसतं. फांदी जोडताना सांध्याच्या नोडला तीन शेजारी होतात हे विसरू नका. तिथे विसरणाच्या पदात तिन्ही फरकांची बेरीज येते. लाट फांदीतून कड्यात शिरताना एका नोडने दोन दिशांना प्रवाह पुरवायचा असतो, म्हणून ग कमी असताना सांध्यावर कृत्रिम ब्लॉक होऊ शकतो. तो खऱ्या ऊतीतही होतो, पण इथे त्याचं प्रमाण तुमच्या भूमितीने ठरतं, रुग्णाच्या नाही.

यानंतर

द्विमितीत गेलात तर तंतूंच्या दिशेने विसरणांक जास्त आणि आडव्या दिशेने कमी ठेवा. आडवा वेग निम्मा हवा असेल तर विसरणांक चौथा हिस्सा, कारण वेग त्याच्या वर्गमुळाने बदलतो. आणि मग आडवी लाटही अरुंद होते, जाळी तिच्या मापाने निवडा. आयनिक मॉडेलसाठी मायोकिट हे सॉफ्टवेअर सोयीचं आहे, पूर्ण हृदयाच्या भूमितीसाठी ओपनकार्प. दोन्हींत हीच साखळी पुन्हा करा: एक पेशी, मग केबल, मग वेग, मग उंबरठा. आयनिक मॉडेलमध्ये कागदावरचं सूत्र नसतं, म्हणून तिथली कसोटी म्हणजे जाळी आणि वेळ-पायरी दोन्ही निम्मी करून उत्तर किती हलतं ते पाहणं. वेग २ टक्क्यांपेक्षा जास्त हलला तर जाळी अजून जाड आहे.

वर काढलेला कोणताही आकडा रुग्णाच्या पेसमेकरच्या सेटिंगसाठी नाही. वैद्यकीय उपकरणासाठी मॉडेल वापरायचं तर त्याची विश्वासार्हता कशी सिद्ध करायची यासाठी एएसएमई या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेचं व्ही अँड व्ही ४० हे २०१८ चं मानक आहे. त्यात पहिला प्रश्न असा असतो: मॉडेल नेमका कोणता निर्णय घ्यायला वापरणार, आणि तो चुकला तर काय होईल. वेगाच्या सूत्राशी तीन टक्क्यांची तफावत वर्गात चालते. पल्सची संख्या ठरवताना चालते का, हे फांदीच्या हिशेबात ०.३६ ऐवजी ०.३५ आणि ०.३७ घालून स्वतः तपासा. ५.४ चे ५.६ आणि ५.३ होतात, सहावी पल्स सहावीच राहते. फांदी ३६ मिमीची असती तर मात्र हाच फरक पाचवी आणि सहावी यांच्यात निवड करतो.